आंतड्यांतील मलखडा

पोट दुखूं लागलें कीं एरंडेल पाजावें, ही चाल पोलादपुराकडील जुन्या वळणाच्या घरांतून अद्यापि सर्वस्वी मोडलेली नाहीं. साध्या मलावरोधांत तें चालून जातें. परंतु एका दुखण्यांत तोच उपाय प्राणावर बेततो. त्या दुखण्याच्या मुळाशीं पुष्कळदां हरभऱ्याएवढा मळाचा खडा असतो.

मोठ्या आंतड्याच्या आरंभीं, पोटाच्या उजव्या व खालच्या अंगास, करंगळीसारखी एक नळी लोंबत असते. तिला आंत्रपुच्छ म्हणतात. लांबी सुमारें ९ सेंटिमीटर, टोंक बंद, आणि पोकळी अगदीं अरुंद. तींत मळाचा कण अडकला कीं त्यावर श्लेष्म्याचीं व क्षारांचीं पुटें चढून खडा बनतो. त्यानें वाट बुजली तरी आंत श्लेष्मा स्रवतच राहतो. मग नळी फुगते, शिरा दबतात, रक्त खेळेनासें होतें, जंतु माजतात. शेवटीं भिंत कुजून फुटते आणि पू उदरांत पसरतो. या रोगाचें खरें स्थान आंत्रपुच्छच होय, हें बॉस्टनचे डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनीं १८८६ सालीं दाखवून दिलें.

प्रत्येक खडा उपद्रवी नसतो. निरोगी पोटांतहि तो निमूट पडलेला सांपडतो, आणि खड्यावांचूनहि दाह होतो. मात्र दाह व खडा एकत्र आले म्हणजे नुसत्या औषधावर विसंबणें धोक्याचें. अमेरिकेंत झालेल्या, २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत, औषधावर ठेवलेल्यांपैकीं खडा असलेल्या शेंकडा ४१ जणांवर ९० दिवसांच्या आंत शस्त्रक्रिया करावी लागली. खडा नसलेल्यांत हें प्रमाण शेंकडा २५ होतें.

कळ प्रथम बेंबीभोवतीं येते व कांहीं तासांनीं उजवीकडे खालीं उतरते. अन्नावरील वासना जाते, ओकारी होते, बारीक ताप येतो. अशा वेळीं रेचक दिल्यास आंतड्याच्या हालचालीनें फुगलेली नळी फुटण्याचें भय असतें. कधीं कळ एकाएकीं थांबते व घरचीं माणसें निर्धास्त होतात. पण नळी फुटून ताण उतरल्यानेंहि असाच घटकाभर आराम पडतो. पावसाळ्यांत दरडी कोसळून घाटवाटा बंद पडतात, त्या मुलुखांत तर उजाडेपर्यंत वाट पाहणें परवडणारें नाहीं.

वृद्धांची गोष्ट निराळी. त्यांच्या गुदाशयांत मळाचा मोठा कठीण गोळा बसतो. त्याच्या दाबानें आंतड्यास व्रण, क्वचित् भोंकहि पडतें. गोळ्याच्या कडेनें पातळ मळ झिरपतो, त्यास ढाळ समजून घरांत ढाळ थांबविण्याचें औषध दिलें जातें आणि गोळा अधिकच घट्ट होतो. डॉक्टरास बोटाच्या तपासणीनें बहुधा तो तेथल्या तेथें कळतो. म्हातारीं माणसें संकोचानें तीच तपासणी नाकारतात.