चंची, पेटी, परडी, कुपी : स्थानिक संग्रहांतील जुनी पात्रे

ऐतिहासिक वस्तूंच्या संग्रहालयात शिरणाऱ्याची दृष्टी प्रथम शस्त्रांकडे, नाण्यांकडे आणि ताम्रपटांकडे वळते. कोपऱ्यातील फळीवरची विटलेली चंची, बिजागरी निखळलेली फणेरपेटी किंवा हिरवट काचेची बाटली यांपाशी तो क्वचितच थांबतो. वास्तविक सामान्य माणसाचा दिवस कसा जात असे, हे या पात्रांवरूनच अधिक कळते. तलवार सर्वांच्या घरी नव्हती. टोपली आणि पिशवी मात्र प्रत्येक घरी होती. अशा वस्तू कशा वाचाव्यात आणि त्या संग्रही ठेवताना कोणती गोष्ट हातची जाऊ देऊ नये, याचा थोडा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम पिशव्या घेऊ. चंची म्हणजे पान, सुपारी, कात इत्यादींसाठी निरनिराळे कप्पे असलेली आणि गुंडाळून बंदाने बांधावयाची कापडी पिशवी. तिच्या कोणत्या कप्प्यात काय असे, हे काताच्या तांबूस डागावरून ओळखता येते. स्वच्छतेच्या भरात ती धुऊन काढली, की हा पुरावा नाहीसा होतो आणि उरतो तो केवळ कापडाचा तुकडा. पडशी खांद्यावर टाकून प्रवासास निघावे, कसा कमरेस बांधून त्यात पैसे ठेवावे. शिवण जवळजवळ एकच, परंतु प्रयोजन वेगळे, म्हणून नावही वेगळे.

पात्राबरोबर शब्दही प्रवास करतो, याचे सुंदर उदाहरण ‘दप्तर’ हे होय. मुळात कातडे या अर्थाचा हा ग्रीक शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि कागदपत्रांच्या संग्रहाचा वाचक झाला. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद कापडी रुमालांत बांधलेले असत, म्हणून त्या गठ्ठ्यासही ‘रुमाल’ हेच नाव पडले. आज शाळकरी मूल ज्या पिशवीत पुस्तके नेते तिला आपण दप्तर म्हणतो. वर्गात एवढी एकच गोष्ट सांगितली, तरी भाषेचा इतिहास मुलांच्या खांद्यावरच आहे, हे त्यांच्या ध्यानात येईल.

पेट्यांची गोष्टही अशीच आहे. फणेरपेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी अशी मांडणी असे. आधी कपाळी मेण लावून त्यावर कोरडे कुंकू रेखावयाचे, ही रीत ज्यास ठाऊक नाही, त्यास ती लहानशी डबी निरर्थक वाटेल. नोंदवहीत तो ‘लाकडी पेटी, एक’ एवढेच लिहील. आणि स्त्रियांच्या नित्याच्या प्रसाधनाचा एक अध्याय त्या तीन शब्दांखाली गाडला जाईल.

बुरुडाच्या हातची टोपली, दुरडी, रोवळी, हारा, कणगी ही सारी बांबूच्या कामटांची अपत्ये. रोवळीच्या विणीतील फटी धुतलेल्या तांदळाचे पाणी निथळण्यासाठी असतात. उलट कणगीत धान्य साठवावयाचे म्हणून ती शेणामातीने लिंपून तिच्या फटी बुजवितात. येथे वीण स्वतःच उपयोग सांगते. परंतु परडीचे तसे नाही. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीची परडी केवळ वेळूकडे पाहून ओळखता येणार नाही. ती देवीची आहे, हे ज्याच्या घरातून ती आली तोच सांगू शकतो.

काचेच्या वस्तू मात्र आपला काळ काही अंशी स्वतःच सांगतात. काचेतील हिरवट झाक बहुधा वाळूतील लोहांशामुळे येते. साच्याची उभी शिवण मानेवरच थांबत असेल, तर बाटलीचा ओठ बहुधा हाताने घडविलेला असतो. बाटल्या करण्याचे पूर्ण स्वयंचलित यंत्र अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी १९०३ च्या सुमारास सिद्ध केले. म्हणून अरुंद तोंडाच्या बाटलीची शिवण ओठाच्या कडेपर्यंत गेली असेल, तर ती त्यापूर्वीची असणे कठीण. मानेत काचेची गोटी अडकविलेली सोड्याची बाटली हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ च्या सुमारास प्रचारात आणली. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याचा जन्म १९०८ सालचा, स्वदेशीच्या चळवळीतला. तेथील एखादी साधी वस्तू हाती आली, तर ती नुसती काच नसून पैपैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या उद्योगाची साक्ष असते.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील युरोपीय काचसामान पाहून डोळे दिपतात. ते वैभव सरदारघराण्याचे. पुण्यास कवी ‘अज्ञातवासी’ अर्थात दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दुसरी वाट धरली. दिवे, अडकित्ते, दौती, पेट्या अशा घरगुती वस्तू त्यांनी आयुष्यभर जमविल्या आणि अकाली निवर्तलेल्या पुत्राच्या, राजाच्या, नावे वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह उभा केला. आपल्या गावोगावच्या लहान संग्रहांस हाच आदर्श जवळचा होय.

या कामी साहित्यसंस्थेचा संबंध काय, अशी शंका कोणी घेईल. आमचे उत्तर असे की, वस्तू कपाटात टिकते, पण तिचे नाव माणसाच्या तोंडीच टिकते. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, तथापि गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे येथील घराघरांत कानडी, हिंदी, गुजराती यांच्या सहवासात घडलेले सारेच शब्द कोशात आले असतील, असे मानता येत नाही. ते ज्या वृद्ध स्त्रीपुरुषांच्या स्मरणात आहेत, त्यांची पिढी आता सरत आली आहे.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींस आमची विनंती एवढीच, की संग्रहासाठी जुनी वस्तू स्वीकारताना ती घासूनपुसून लख्ख करण्याआधी चार गोष्टी लिहून घ्याव्यात : घरात तिला काय म्हणत, तिच्यात काय ठेवीत, ती कोणी वापरली आणि ती कोठून आली. सांगणाऱ्याचा उच्चार जसाच्या तसा लिहावा, प्रमाणभाषेत सुधारून घेऊ नये. चंची पुन्हा शिवता येईल, परडीही पुन्हा विणता येईल. परंतु शेवटच्या जाणकाराबरोबर गेलेले नाव कोणत्याही कारागिराला परत घडविता येणार नाही.