राजगड ते तोरणा : आदल्या रात्रीचा हिशेब

राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरणा पाहिला की वाटते, हा काय, समोरच तर आहे! दोन्ही गडांचे माथे समुद्रसपाटीपासून साधारण १४०० मीटरच्या आसपास. मग उंचीतला फरक जवळजवळ शून्य, म्हणजे श्रमही थोडेच, असे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल. पुस्तकातल्या घर्षणरहित गोळ्याला हे लागू पडते, माणसाला नाही. सोंडेवरून तीनशे मीटर खाली उतरलात तर गोळ्याप्रमाणे तुमची स्थितिज ऊर्जा गतिज होऊन पुढचा चढ फुकटात चढवीत नाही. ती मांडीच्या स्नायूंत उष्णता होऊन जाते. पुढचा चढ पुन्हा पदरच्या ऊर्जेने चढायचा.

म्हणून या वाटेची तयारी दोन गडांच्या उंचीवरून करता येत नाही; वाटेवरचा प्रत्येक चढ मोजावा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १ : ५०,००० प्रमाणाचा नकाशा मिळवा. त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. गुंजवणे गावातून चोर दरवाजाने राजगड, पद्मावती व संजीवनी माची, अळू दरवाजा, मग सोंडेवरून बुधला माचीमार्गे तोरणा आणि बिनी दरवाजाने खाली वेल्हे, अशा वाटेवर एक दोरा ठेवा आणि तो पट्टीवर मोजा. नंतर समोच्च रेषा मोजा. लगतच्या दोन रेषांत २० मीटर उंचीचा फरक असतो. चढताना ओलांडलेल्या रेषा तेवढ्या घ्या. उतरतानाच्या रेषा वजा करू नका! वर्गात हा प्रयोग करणाऱ्या शिक्षकांना दिसेल की निम्मी मुले हमखास वजाबाकी करतात.

समजा, अंतर १६ किलोमीटर आणि एकूण चढ १२०० मीटर भरला. आता वेळ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम दिला. मेट्रिक मापात तो असा सांगता येईल : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. म्हणजे ३.२ आणि २ मिळून ५.२ तास. पण हा नियम सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. कारवीचे रान, मुरमाड घसारा, बुधला माचीखालचा कातळ आणि सोबत दहा-बारा मुले! माझ्या मते याची दीडपट धरावी आणि विश्रांतीचा तास वेगळा. झाले जवळजवळ ९ तास. डिसेंबरअखेर पुणे भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे उजेडाच्या अकरा तासांतले नऊ गेले. सकाळी ‘आवरतो आवरतो’ करीत दोन तास घालवलेत की शिल्लक संपली.

आता पाण्याकडे वळू. पाठपिशवीसह तुमचे वस्तुमान ५५ किलोग्रॅम धरा. ५५ × ९.८ × १२०० म्हणजे सुमारे ६,४७,००० ज्यूल, अथवा १५५ किलोकॅलरी. इतकी ऊर्जा ४० ग्रॅम साखरेत असते. मूठभर साखर खाऊन सह्याद्री चढता येईल काय? येणार नाही, कारण स्नायूंची कार्यक्षमता फार तर पंचवीस टक्के. चढाचे १५५ किलोकॅलरी कार्य करताना त्याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे ४६५ किलोकॅलरी उष्णता अंगात तयार होते आणि ती बाहेर टाकलीच पाहिजे. एक लिटर घाम त्वचेवरून वाफ होऊन उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. नुसत्या चढापोटी पाऊण लिटरहून अधिक घाम झाला. सपाटीवरचे चालणे आणि ऊन यांचा भार वेगळा. शिवाय टपकून जमिनीवर पडलेला घाम थंडावा देत नाही; जो अंगावर वाळतो तोच कामाचा. दमट दिवशी म्हणून घाम जास्त आणि गारवा कमी.

हिवाळ्यात माणशी तीन लिटर, ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारीनंतर चार लिटर पाणी घ्यावे. चार लिटर म्हणजे चार किलो, पण इथे ओझे वाचवणे परवडत नाही. मधल्या सोंडेवर पाण्याचा भरवसा धरू नये. घामाबरोबर मीठही जाते, तेव्हा काही पाणी मीठ-साखर-लिंबाचे असावे. डोके दुखू लागले, मळमळले, बोलणे असंबद्ध झाले तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी सावली, अंगावर पाणी, वारा आणि शक्य तितक्या लवकर डॉक्टर. ‘थोडे चाल, बरे वाटेल’ हा सल्ला जिवावर बेतेल.

पायांची तयारी महिनाभर आधी सुरू करा, आणि ती चढण्यापेक्षा उतरण्याची करा. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचनाचा जोर लावत असतो. त्यामुळे त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना माणूस कण्हतो. पण एकदा अशी सवय दिली की स्नायू पुढचे काही आठवडे बऱ्यापैकी सुरक्षित राहतो. तीन मजली इमारतीचा जिना, पाठीवर पुस्तकांचे दप्तर, दहा फेऱ्या. सुमारे शंभर मीटरचा डोंगर घरबसल्या झाला.

घसाऱ्यावर भीतीने मागे रेलू नका. पाय लांब टाकून मागे झुकले की पायातून जाणारा जोर तिरका होतो आणि पाऊल उताराच्या दिशेने ढकलले जाते. खाली सुटे खडे, तेही छर्‍यांसारखे गडगडणारे! गुडघे किंचित वाकवा, पावले आखूड टाका, अंग पावलांच्या वर ठेवा. बुटाचा तळवा झिजलेला असेल तर वेळीच बदला. नवा बूट मात्र त्याच दिवशी प्रथम घालू नका.

राहिला सर्वांत अवघड आकडा. राजगड आणि तोरणा यांच्या मध्ये वेल्हे-भुतोंडे रस्ता ओलांडावा लागतो. वाट अर्धवट सोडायची तर ती इथेच. पुढे समजा ७ किलोमीटर आणि ५०० मीटर चढ उरला. नेस्मिथप्रमाणे १.४ आणि ०.८ तास, त्याची दीडपट ३.३, विश्रांतीसह चार तास. सूर्यास्ताआधी एक तास हाती राखायचा तर वेल्ह्याला पाचला पोचले पाहिजे. म्हणजे रस्ता दुपारी एकला सोडला पाहिजे. हा आकडा सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाच्या वेगाने काढा, आदल्या रात्री कागदावर लिहा, प्रत्येकाकडून वाचून घ्या. त्याची एक प्रत घरी ठेवा, खाली लिहा : रात्री आठपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला कळवायचे.

रस्त्यावर दीड वाजता पोचलात, तोरणा समोर दिसतो आहे आणि सगळे म्हणताहेत, ‘सर, आता काय, पोचलोच!’ तेव्हा खिशातला कागद काढा आणि रस्त्याने वेल्ह्याकडे चालू लागा.