गाडीवरचं 'ऑन' आणि कोटेशनमधल्या गुपचूप ओळी

(या भागाचं लिहिलेलं रूप. बोलण्यातली पुनरुक्ती काढलीय, बाकी जसंच्या तसं.)

कोल्हापुरातनं बोलतोय. दसरा-पाडवा जवळ आला की मेसेजमध्ये एकच प्रश्न येतो : "दादा, जाहिरातीत गाडी नऊ लाखाला आणि शोरूमवाला साडेदहा म्हणतोय. मधले दीड लाख कुणाचे?"

तर आज त्या दीड लाखाची फोड करूया. त्यातले काही पैसे सरकारचे, काही विमा कंपनीचे आणि काही निव्वळ डीलरचे. वाटाघाट कुठं करायची हे कळायला आधी हे तीन ढीग वेगळे करावे लागतात.

'ऑन' म्हंजे काय?

आपल्याकडं हा शब्द जुना आहे. घरातल्या थोरल्यांना बजाज चेतकबद्दल विचारा. लायसन्स राजच्या काळात स्कूटर बुक केली की वर्षानुवर्षं नंबर लागायचा नाही. मग ज्याचा नंबर लागला तो ठरलेल्या किमतीवर जादा पैसे घेऊन स्कूटर दुसऱ्याला द्यायचा. ते जादा पैसे म्हंजे 'ऑन'.

मागणी जास्त आणि माल कमी असला की हे पुन्हा होतं. २०२१ मध्ये जगभर चिपचा तुटवडा झाला, गाड्या अडकल्या. ३० जुलै २०२२ ला स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग सुरू झालं तेव्हा अर्ध्या तासात एक लाख बुकिंग झाली. अमेरिकेत त्या काळात डीलर कंपनीच्या किमतीवर आपली चिठ्ठी लावून उघड जादा पैसे मागत होते. आपल्याकडं तसं कोण लिहून देत नाही. इथं 'ऑन' वेष बदलून येतं : "ॲक्सेसरीज पॅक घेतलात तर पुढच्या आठवड्यात गाडी देतो."

पहिला ढीग : सरकारचे पैसे

उदाहरणाला नऊ लाख एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल गाडी धरूया. या किमतीत जीएसटी आधीच धरलेला असतो, तो वेगळा लागत नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के रोड टॅक्स आहे. डिझेलला हेच १३, १४, १५. म्हंजे आपल्या गाडीला साधारण ९९ हजार. त्यात नोंदणी फी ६०० आणि कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००.

गाडी दहा लाखांच्या वर गेली की एक टक्का टीसीएस लागतो. बारा लाखांच्या गाडीला बारा हजार. हे पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना तुमच्या करात वळते होतात. फक्त पॅन नंबर बरोबर द्या.

या ढिगात घासाघीस नाही. पण एक करा : कोटेशनवर 'आरटीओ' म्हणून एकच गोल आकडा असेल तर फोड मागा. सरकारी पैशाला सरकारी पावती असते. पावतीपेक्षा जास्त घेतलेला प्रत्येक रुपया हा डीलरचा नाहीतर एजंटाचा.

दुसरा ढीग : विमा

इथं सगळ्यात जास्त पैसे वाचतात. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १ सप्टेंबर २०१८ पासून हे लागू झालं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एक-एक वर्षाचा घेता येतो. आणि तो शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांनुसार डीलर विमा विकू शकतो, पण ग्राहकाची निवड काढून घेऊ शकत नाही.

करायचं काय? डीलरच्या कोटेशनमधली आयडीव्ही आणि झिरो डेप्रिसिएशनसारखी ॲड-ऑन कव्हर लिहून घ्या. तेवढीच आयडीव्ही, तीच कव्हर टाकून फोनवरच दोन-तीन कंपन्यांचे दर काढा. मग तो आकडा डीलरला दाखवा. बहुतेक वेळा तिथल्या तिथंच प्रीमियम खाली येतो. नाही आला तर बाहेरून पॉलिसी घ्या, त्यासाठी चेसिस आणि इंजिन नंबर मागा. "बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही," असं सांगतील. कॅशलेस हे विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का, यावर असतं. कंपनीच्या साईटवर यादी असते, बघून घ्या.

तिसरा ढीग : हँडलिंग, किट, कोटिंग

'हँडलिंग चार्जेस', 'लॉजिस्टिक्स', 'इसेन्शियल किट', 'टेफ्लॉन कोटिंग'. यातलं काहीही सरकारी नाही. हँडलिंगची ओळ दिसली की शांतपणे विचारा, "हे कशाचे? पावती कुठल्या नावानं मिळणार?" मॅट, सीट कव्हर बाहेर बाजारात मिळतात. फक्त वायरिंगला हात लावणाऱ्या गोष्टी बाहेर बसवू नका, वॉरंटीचा वाद होतो.

डीलरची बाजूही सांगतो. नुसत्या गाडीवर त्याचं मार्जिन थोडं असतं. विमा, ॲक्सेसरीज, कर्ज आणि सर्व्हिसिंग यावर शोरूम चालतं. समोरच्या पोराला टार्गेट असतं. त्याच्यावर आवाज चढवून काय उपयोग न्हाई. पण त्याचं टार्गेट तुमच्या कर्जातनं का पुरं व्हावं?

कर्जातनंच म्हणतोय, कारण हे जादा पैसे रोख जात नाहीत, ईएमआयमध्ये विरघळतात. चाळीस हजार जादा, ९ टक्के व्याज, सात वर्षं : महिन्याला साधारण ६४४ रुपये, शेवटी भरले ५४ हजार. पहिली नोकरी, पहिली गाडी असणाऱ्याला हे सोपं न्हाई.

शोरूममध्ये जाताना

एक. किमान तीन कोटेशन घ्या, सही-शिक्क्यासह, प्रत्येक ओळ वेगळी. कोल्हापुरात एक, सांगलीत एक, साताऱ्यात एक. राज्य एकच, त्यामुळं टॅक्स सारखाच; फरक दिसेल तो डीलरचा. एमएच-०९ च पाहिजे असेल तर आधी बोलून ठेवा.

दोन. "महिन्याला किती बसेल?" या प्रश्नात अडकू नका. ऑन-रोड किंमत ठरवा, कर्जाचं नंतर बोला. बँकेचा दर आधीच खिशात असू दे.

तीन. बुकिंगच्या पावतीवर मॉडेल, रंग, अंदाजे तारीख आणि रद्द केल्यास किती पैसे परत, हे लिहून घ्या. बहुतेक कंपन्या डिलिव्हरीच्या दिवसाची किंमत लावतात, तेही विचारा.

चार. पैसे चेकनं नाहीतर ऑनलाईन, डीलरच्या खात्यात. "एवढे कॅश द्या" म्हटलं की समजा, त्याची पावती येणार नाही.

तरीही अडवलं तर?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, अशी अट ही प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा ठरते. आधी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, डीलरला कॉपी ठेवा. फोनवर बोललेलं हवेत जातं, ईमेल राहतो. पुढं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. त्याच्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथं चालते. विम्याची सक्ती असेल तर आयआरडीएआयचं 'बीमा भरोसा' पोर्टल.

आणि सगळ्यात मोठं हत्यार फुकटचं आहे : थांबणं. आज ज्या गाडीवर 'ऑन' चाललंय, तिच्यावर वर्षभरानं डिस्काऊंटचा बोर्ड लागलेला बघायला मिळतो. मुहूर्त चुकला म्हणून अंबाबाई रागवत नाही. गाडी कधीही आली तरी पहिली चक्कर तिकडंच की!

कोटेशन हातात असेल आणि एखादी ओळ कळत नसेल, तर नाव-नंबर झाकून फोटो पाठवा. पुढच्या भागात तीच कोटेशन वाचू. भेटू.