रंग व उष्णता : प्रात्यक्षिकासाठी प्रकाश कोणता घ्यावा?

उन्हाळ्यात पत्र्याच्या गोठ्यात दुभती जनावरे धापा टाकू लागतात आणि कोंबड्या तर दगावतातही. अशा छपरास बाहेरून चुना लावल्यास आतील ताप कमी होतो, हे शेतकऱ्यास पटवून देण्याचा सोपा मार्ग म्हणजे काळ्या व पांढऱ्या डब्यांचे प्रात्यक्षिक होय. परंतु गावातील सभा बहुधा रात्री, मंडळी शेतावरून परतल्यावर भरते. मग कार्यकर्ता समाजमंदिरातील एलईडी दिव्याखाली डबे मांडतो. अर्ध्या तासाने दोन्ही उष्णतामापकांवर जवळजवळ एकच आकडा दिसतो व "चुन्याने काही होत नाही" असे म्हणत मंडळी उठतात. येथे दोष चुन्याचा नसून दिव्याचा असतो.

विल्यम हर्शेल यांनी इ. स. १८०० मध्ये लोलकाच्या साह्याने सूर्यप्रकाशातील रंग वेगळे केले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नाही, तेथे उष्णतामापक ठेवला. तेथेही पारा चढला. या अदृश्य किरणांस अवरक्त किरण म्हणतात. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातील सुमारे निम्मी शक्ती दृश्य प्रकाशाची असते व उरलेली बहुतांशी अवरक्त किरणांची असते. तारेच्या जुन्या बल्बमध्ये मात्र दृश्य प्रकाशाचा वाटा एक दशांशाहूनही कमी असतो, कारण सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापलेला असतो, तर बल्बची तार सुमारे २,५०० अंशच तापते. कोंबडीच्या पिलांना ऊब देण्यास हा बल्ब उपयोगी पडतो, तो याच गुणामुळे.

आता आपण ज्यास काळे अथवा पांढरे म्हणतो, तो निवाडा केवळ डोळ्यांचा आहे. अवरक्त किरणांच्या बाबतीत वस्तू तशीच वागेल असे नाही. काळ्या रंगात रंगविलेली कित्येक कापडे हे किरण बऱ्याच प्रमाणात परत टाकतात. म्हणून बल्बखाली काळ्या व पांढऱ्या कापडांत उन्हाइतका फरक दिसत नाही. चुलीची काजळी मात्र दोन्ही प्रकारचे किरण शोषून घेते. यास्तव डबा काळा करण्यास काजळी व पांढरा करण्यास चुना वापरावा. शेगडीच्या निखाऱ्यांपुढे हा प्रयोग करू नये. त्यांची उष्णता बहुतेक अदृश्य असते आणि चुनाही तिचा बराच भाग शोषून घेतो.

एलईडी दिव्याचे दुखणे निराळे आहे. त्याच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळजवळ नसतात. पण ९ वॅटच्या दिव्यातून निघणारा प्रकाश चोहीकडे पसरतो व डब्यावर त्याचा अल्प अंशच पडतो. भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट शक्ती मिळते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दिव्याखाली एका अंशाचाही फरक का पडत नाही, हे कळून येईल. रंगीत दिवा तर सर्वथा टाळावा. तांबड्या प्रकाशात हिरवा डबा काळाच दिसतो आणि काळ्यासारखाच तापतो.

तेव्हा शक्य तेथे प्रात्यक्षिक उन्हातच, सकाळी ११ ते दुपारी २ च्या दरम्यान करावे. सारख्या आकाराच्या दोन डब्यांत प्रत्येकी पाव लिटर, एकाच भांड्यातील पाणी घालावे. झाकणे लावून डबे लाकडी फळीवर, वाऱ्याच्या आडोशास ठेवावेत. उष्णतामापकाचे टोक पाण्यात बुडलेले असावे. त्यावर थेट ऊन पडू देऊ नये. अर्ध्या तासात काही अंशांचा फरक सहज दिसतो. तो आकडा कार्यकर्त्याने स्वतः न सांगता जमलेल्यांपैकी एखाद्या शेतकऱ्याकडून वाचून घ्यावा, हे बरे.

सभा रात्रीचीच असेल, तर १०० वॅटचा तारेचा बल्ब घ्यावा. तो दोन्ही डब्यांच्या मधोमध, प्रत्येकापासून एक वीत अंतरावर टांगावा. अंतर दुप्पट झाले तर उष्णता चौथाईवर येते. त्यामुळे दोन बोटांची चूकही निकाल बिघडवते. पाणी कमी घालावे व तासभर वाट पाहावी. त्यानंतर डबे थंड होऊ द्यावेत, ताजे पाणी भरावे आणि जागांची अदलाबदल करून प्रयोग पुन्हा करावा. दुसऱ्या खेपेसही काजळीचाच डबा अधिक तापला, तर तो फरक जागेचा नव्हे, रंगाचा होय.