गावाचे गोल्फ आणि गावाचा जमाखर्च

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, असे आपल्याकडे एकदा म्हटले की पुढची चर्चाच खुंटते. हिरवेगार कुरण, पांढरी टोपी घातलेले साहेब, मागून काठ्यांचे ओझे वाहणारा पोऱ्या, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते आणि आपण पान उलटतो. पण गेल्या काही दिवसांत रत्नागिरीत मला हा विषय दोन-तीन वेळा ऐकू आला. कोकणात पाहुणे येतात, समुद्र आहे, मोकळे सडे आहेत. मग गावाच्या मालकीचे, कोणालाही खेळता येईल असे एखादे गोल्फचे मैदान येथे का असू नये? प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा खास नाही. मराठी शिकवणाऱ्या माणसाने या हिशेबात का पडावे, असे कोणी विचारील. परंतु गावाची जमीन आणि गावाचा पैसा यांचा प्रश्न आला की तो सर्वांचाच विषय होतो.

पहिली गोष्ट ही, की गोल्फ जन्मला तो श्रीमंतांच्या बागेत नव्हे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये, वाळूचे उंचसखल पट्टे असतात. तेथे नांगर चालत नाही, पीक येत नाही; मेंढ्या चरतात आणि ससे बिळे करतात. असल्या कोणाच्याच कामी न येणाऱ्या जमिनीवर गावचे लोक काठीने चेंडू टोलवू लागले. हे वेड इतके वाढले की १४५७ साली तेथील पार्लमेंटने गोल्फवर बंदी घातली. कारण तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून या खेळात रमत होती! आपल्या सड्याचे आणि त्या पट्ट्यांचे नाते येथे जुळते. जांभ्या कातळावर बोटभर माती. नांगराला तोही परका. म्हणून तो गुरांचा, गवताचा आणि गावाचा राहिला.

सेंट अँड्र्यूजची गोष्ट

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज हे गोल्फचे काशीक्षेत्र. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांनी दिलेल्या सनदेत तेथील किनाऱ्याच्या जमिनीवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केलेला आहे. म्हणजे जगातले सर्वांत प्रसिद्ध गोल्फचे मैदान हे मुळात गावाचे आहे. पण नुसत्या सनदेने जमीन राखता येत नाही. १७९७ साली कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने ही जमीन विकली आणि ती सशांचा व्यापार करणाऱ्यांच्या हाती गेली. जेथे लोक खेळत तेथे सशांनी बिळे केली. गावकरी आणि सशांचे मालक यांच्यात वीसेक वर्षे भांडणे झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. १८२१ साली जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदाराने ती जमीन विकत घेतली म्हणून खेळ वाचला. पुढे १८९४ साली पार्लमेंटच्या कायद्याने ती पुन्हा नगरपालिकेकडे आली, आणि १९७४ पासून तिचा कारभार एका विश्वस्त संस्थेकडे आहे.

या संस्थेची व्यवस्था लक्षात घेण्यासारखी आहे. ती नफा वाटत नाही. उरलेला पैसा मैदानांवरच खर्च होतो. गावचा रहिवासी वर्षाचे माफक तिकीट काढून खेळतो, आणि जगभरातून येणारा पाहुणा एका डावाला भरभक्कम शुल्क देतो. जुन्या मैदानावरच्या बऱ्याचशा वेळा चिठ्ठ्या टाकून दिल्या जातात. रविवारी तेथे एरवी खेळ बंद असतो. त्या दिवशी गावचे लोक मुलांना, कुत्र्यांना घेऊन त्याच हिरवळीवर फिरतात. म्हणजे मैदान खेळाडूंचे नाही, गावाचे आहे, ही आठवण दर आठवड्याला जागी ठेवली जाते. सनदेच्या बळावर जे टिकले नाही, ते नीट हिशेबाच्या बळावर टिकले आहे.

आपल्याकडील वाट

हिंदुस्थानात हा खेळ फार लवकर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटनबाहेरचा तो सर्वांत जुना मानतात. आमचे रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, म्हणजे त्याच्याहून एका वर्षाने वडील. पण वाचनालयाचे दार गावाकडे उघडले आणि गोल्फचे क्लबाकडे. छावण्या, साहेबांचे क्लब आणि पुढे बडे व्यापारी, या वाटेनेच तो खेळ आपल्याकडे रुजला.

कोणीही शुल्क भरून खेळावे, अशी मैदाने त्या मानाने अगदी अलीकडची. दिल्ली विकास प्राधिकरणाचे लाडो सराय येथील कुतुब गोल्फ मैदान हे देशातले पहिले सार्वजनिक मैदान म्हणून ओळखले जाते. आपल्या महाराष्ट्रात सिडकोने नवी मुंबईत खारघरच्या डोंगरपायथ्याशी असे मैदान उभारले; ते २०१२ साली सुरू झाले. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. दिल्लीचे प्राधिकरण काय किंवा सिडको काय, त्यांच्या पाठीशी जमिनींच्या विकासाचे मोठे उत्पन्न आहे. लहान गावाच्या नगरपरिषदेपाशी घरपट्टी आणि पाणीपट्टी. त्यांचे पाहून आपण पाय पसरू गेलो, तर अंथरूण पुरणार नाही.

हरळीची तहान

गोल्फच्या मैदानात खेळाच्या एकेका टप्प्याला होल म्हणतात. पुऱ्या मैदानात असे अठरा. प्रत्येकाच्या आरंभी चेंडू मारायचा सपाट चौथरा, मध्ये लांब पट्टा आणि शेवटी अगदी बारीक कापलेली हिरवळ. त्या हिरवळीत सव्वाचार इंच व्यासाचे एक भोक. अठरा टप्प्यांना मिळून पन्नास-साठ हेक्टर जमीन सहज लागते.

हिरवळीचे गवत कोणते, हे ऐकून वाचकांना गंमत वाटेल. उष्ण देशांतल्या मैदानांवर प्रामुख्याने जे गवत लावतात ते आपल्या हरळीच्याच कुळातले. गणपतीला वाहतो त्या दूर्वाच. आमचा शेतकरी जी हरळी उपटता उपटता थकतो, तिचीच निवडक जात गोल्फवाले पैसे देऊन लावतात आणि काही मिलिमीटर उंचीवर यंत्राने कापत राहतात. शेतातली हरळी फुकट वाढते; मैदानावरची पगार मागते.

आणि पाणी मागते. हिशेब अगदी शाळकरी आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. कडक उन्हात गवताला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचे, आणि वीस हेक्टर हिरवे ठेवायचे, असे धरा. रोजचे दहा लाख लिटर झाले. शहरी माणसाला दरडोई १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरले, तर हे सुमारे ७,४०० माणसांचे पाणी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची वस्ती सुमारे ७६ हजार होती. म्हणजे गावाच्या दहाव्या हिश्श्याइतके पाणी एकट्या गवताला!

कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरांहूनही अधिक पडतो हे खरे. पण तो चार महिन्यांत येतो आणि जांभ्यातून झिरपून निघून जातो. एप्रिल-मे उजाडला की सड्यावरच्या वाड्या टँकरची वाट पाहतात. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला होता, हे अनेकांना आठवत असेल. खेळ वाईट म्हणून तो आदेश नव्हता. लोक तहानलेले असताना खेळपट्टीला पाणी पाजावे काय, असा प्रश्न होता.

मग उपाय काय? हिरवेपणाचा हट्ट सोडायचा. अठराऐवजी नऊच होल ठेवले, आणि पाणी फक्त शेवटच्या हिरवळींना व चौथऱ्यांना दिले, तर हिशेब पालटतो. पाचशे चौरस मीटरच्या नऊ हिरवळी आणि दोनशे चौरस मीटरचे नऊ चौथरे, मिळून ६,३०० चौरस मीटर. पाच मिलिमीटरने रोजचे साडेएकतीस हजार लिटर, म्हणजे २३३ माणसांचे पाणी. एवढे वापरलेले पाणी शुद्ध करून मिळू शकते. बाकीचा सडा दिवाळीनंतर पिवळा पडतो तसा पडू द्यावा. पूर्वी आपल्याकडच्या कित्येक छावण्यांत हिरवळीच्या जागी वाळू दाबून बसवीत आणि तिच्यावर खेळत. खेळ तरीही गोल्फच राहत असे.

आधी खर्च, मग जमा

मराठीत आपण ‘जमाखर्च’ म्हणतो. जमा आधी, खर्च मागाहून. गोल्फच्या वहीत खर्चाचे पान आधी लिहावे लागते, कारण चार माणसे खेळोत की चाळीस, गवत तेवढेच वाढते. पुढील आकडे एखाद्या मैदानाचे नव्हेत. विचाराला आधार म्हणून मी मांडलेले आहेत.

समजा, नऊ होलांना आठ माळी. महिना पंधरा हजार धरले तर वर्षाचे १४ लाख ४० हजार. वीज, इंधन, खत, वाळू आणि दुरुस्ती मिळून ६ लाख. कारकून, राखणदार आणि हिशेबतपासणी ३ लाख ६० हजार. वीस लाखांची यंत्रे दहा वर्षे चालतील असे मानून दरवर्षी घसाऱ्यापोटी बाजूला टाकायचे २ लाख. एकूण २६ लाख. पावसाचे चार महिने खेळ जवळजवळ बंद. माळ्यांचे पगार मात्र चालू. उरलेल्या २४० दिवसांत रोज सुमारे १०,८०० रुपये जमले पाहिजेत. डावाला दोनशे रुपये घेतले, तर रोज ५४ खेळाडू हवेत. शंभर घेतले, तर १०८.

ज्या गावात हा खेळ कोणी पाहिलेला नाही, तेथे पहिल्याच वर्षी रोज चोपन्न माणसे कोठून येणार? म्हणून सेंट अँड्र्यूजची युक्ती. दीडशे सभासदांची वर्षाला सहा हजार वर्गणी, म्हणजे ९ लाख. उरलेले १७ लाख पाहुण्यांकडून. डावाला पाचशे धरले तर वर्षाला ३,४०० डाव, म्हणजे रोज चौदा-पंधरा पाहुणे. हे अशक्य नाही, पण आपोआप होणारेही नाही.

यांतले सर्वांत महत्त्वाचे कलम कोणते, असे विचाराल तर मी त्या दोन लाखांकडे बोट दाखवीन. सार्वजनिक कामात बांधायला देणगी मिळते. झाडायला मिळत नाही. फीत कापायला मंत्री येतो. गवत कापायला माळीच लागतो. पहिली काही वर्षे यंत्र नवे असते, सारे सुरळीत दिसते. मग यंत्र मोडते, निधी नसतो, आणि कोणी भला माणूस पुढे येऊन म्हणतो, ‘मैदान मला चालवायला द्या, शेजारी थोडे बंगले बांधू द्या.’ सेंट अँड्र्यूजला ससे आले ते याच वाटेने.

सडा रिकामा नसतो

दुसरीही एक बाजू आहे. सडा ओसाड दिसतो, पण तो रिकामा नसतो. श्रावणात त्याच्यावर फुलांचा गालिचा असतो, मग गवत, मग गुरे. त्याच कातळावर प्राचीन माणसाने कोरलेली चित्रे आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू येथील ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. शिवाय जांभा सच्छिद्र. वर टाकलेले खत आणि औषध पावसाबरोबर खालच्या वाडीच्या विहिरीत उतरते. हिशेबाच्या वहीत या विहिरीला कलम नसते. ते घातले पाहिजे.

एवढे सांगून झाल्यावरही गावाने हा खेळ खेळूच नये, असे माझे म्हणणे नाही. एस. एस. पी. चौरसिया या गोल्फपटूचे वडील कलकत्त्याच्या त्याच जुन्या क्लबात गवत राखणारे माळी होते. मुलगा तेथेच पाहून पाहून शिकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकला. एका माळ्याच्या मुलाला जे नशिबाने मिळाले, ते सार्वजनिक मैदानावर चार मुलांना हक्काने मिळू शकते. मात्र त्यासाठी, वाचनालय जशी पुस्तके देते तशा काठ्या वापरायला द्याव्या लागतील, कारण त्या विकत घेणे सामान्य घराला झेपणारे नाही. नगर वाचनालयासारख्या संस्था जवळजवळ दोनशे वर्षे टिकतात त्या एखाद्या मोठ्या देणगीवर नव्हे. दरमहा येणाऱ्या लहान वर्गणीवर, सरकारी अनुदानावर आणि वेळेवर तपासलेल्या हिशेबावर.

तेव्हा उद्या आपल्या गावात असा प्रस्ताव आलाच, तर नकाशा पाहण्याआधी दहा वर्षांचे खर्चाचे पत्रक मागावे. जमीन गावाच्या नावावरच राहणार ना? पाणी कोठले? कातळशिल्पे आणि विहिरी यांची पाहणी झाली काय? यंत्रे बदलण्याचा निधी पहिल्याच वर्षापासून बाजूला पडणार काय? आठवड्यातला एक दिवस न खेळणाऱ्यांसाठी मोकळा असेल काय? या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली, तर खुशाल नऊ होलांचे मैदान करावे. न मिळाली, तर सडा आहे तसा गुरांना आणि फुलांना राहू द्यावा.

आणि गोल्फ येवो न येवो, हेच प्रश्न आपल्या गावच्या बागेला, व्यायामशाळेला आणि शाळेच्या पटांगणालाही विचारून पाहावेत. त्यांची वर्षअखेरची वही कोणाच्याही हाती पडण्यासारखी असते. दिवाळीच्या सुटीत ती एकदा चाळायला काय हरकत आहे?