जिल्हा बदलला, यादी कशी बदलायची?

1 मे 1981 रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन झाले आणि सिंधुदुर्ग हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. मालवण, देवगड, कणकवली, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी ही गावे होती तेथेच राहिली; बदलली ती त्यांच्या पत्त्याची शेवटची ओळ. असा बदल आज संगणकाकडून करून घ्यावयाचा झाला, तर त्याला काय सांगाल?

समजा, आपल्यापुढे 500 जुन्या पत्त्यांची यादी आहे. प्रत्येक पत्त्यात गाव, तालुका आणि जिल्हा असे तीन रकाने आहेत. ‘जेथे रत्नागिरी दिसेल तेथे सिंधुदुर्ग लिही’ अशी आज्ञा दिली, तर संगणक ती निमूटपणे पाळील आणि चिपळूण, खेड, दापोलीच काय, खुद्द रत्नागिरी शहरही सिंधुदुर्गात आणून टाकील! बरे, ‘कुडाळ दिसेल तेथे बदल’ म्हणावे, तर सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातही एक कुडाळ आहे. एखादा कारकून अशा ठिकाणी थबकला असता. संगणक थबकत नाही. म्हणून ‘जुळणे’ म्हणजे काय, हे आधी आपणच ठरवावे लागते. जिल्ह्याच्या रकान्यात रत्नागिरी असेल आणि तालुक्याच्या रकान्यात वरील सहा नावांपैकी एखादे असेल, तरच बदल करावयाचा. यातील ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ लिहून पाहा. चिपळूण पुन्हा सिंधुदुर्गात!

आता प्रत्यक्ष बदलाकडे वळू. विद्यार्थी येथे हमखास अडखळतात. पायथॉन या संगणकभाषेत ते यादीतील एकेक नोंद घेतात, तिला ‘प’ असे नाव देतात, ती जुळली की ‘प म्हणजे सिंधुदुर्ग’ असे लिहितात, आणि शेवटी यादी छापून पाहतात तर ती जशीच्या तशी! असे का व्हावे? फळीवर लोणच्याच्या बरण्या ओळीने मांडल्या आहेत अशी कल्पना करा. ‘प’ ही नुसती चिठ्ठी आहे. पहिल्या बरणीवरची चिठ्ठी काढून ती फळीबाहेरच्या नव्या बरणीला चिकटवली, तर फळीवरची बरणी बदलेल काय? बरणी बदलायची तर फळीवरची जागा सांगावी लागते: ‘यादीतील अमुक क्रमांकाच्या जागी हे ठेव’. पायथॉनमध्ये हे क्रमांक 0 पासून सुरू होतात, त्यामुळे 500 वी नोंद 499 या क्रमांकावर सापडते.

दुसरा मार्ग मला स्वतःला अधिक पसंत आहे. जुन्या यादीला हात न लावता नवी यादी तयार करावी. नोंद जुळली तर नवे नाव, नाही तर जुनेच उतरवून घ्यावे. जुनी यादी शाबूत राहिल्याने पडताळाही घेता येतो. नव्या यादीतील रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांची बेरीज जुन्या यादीतील रत्नागिरीच्या संख्येएवढी भरली पाहिजे. आम्हा भौतिकीच्या माणसांना यात अक्षय्यतेचे नियम आठवतात! मात्र बेरीज जुळली म्हणून योग्य तेच पत्ते बदलले असे सिद्ध होत नाही. बेरीज चुकली तर आज्ञावली चुकली, एवढे मात्र नक्की.

एक गंमत पाहा. एका यादीत मालवण आणि देवगड ही नावे चुकून एकमेकांच्या जागी पडली आहेत. प्रथम सर्व मालवणांचे देवगड केले, मग सर्व देवगडांचे मालवण केले, तर शेवटी देवगड उरतच नाही. कोकम सरबत आणि सोलकढी यांचे पेले अदलाबदल करायचे तर तिसरा रिकामा पेला लागतो, तसेच हे. प्रत्येक नोंद एकदाच पाहून तिचा निकाल तेथेच लावला, तर तिसऱ्या पेल्याचीही गरज नाही.

काही नोंदी जुळूनही बदलायच्या नसतात. 1978 साली मालवणात जन्मलेल्या व्यक्तीच्या त्या वेळच्या दाखल्यात जिल्हा रत्नागिरी आहे, आणि ते बरोबरच आहे. 1995 मध्ये ‘बॉम्बे’चे अधिकृत इंग्रजी नाव ‘मुंबई’ झाले; पवई येथील आयआयटीच्या नावात मात्र ‘बॉम्बे’ अजूनही आहे.

आता वही घ्या आणि दहा पत्ते लिहा. त्यांत नेवासे तालुक्यातील देवगड मुद्दाम घाला. त्याच्या जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले आहे. दोन्ही देवगडांचे जिल्हे एकाच फेरीत बिनचूक बदलतील, असा नियम तुम्हाला लिहिता येतो का पाहा.