मधुचंद्राला समुद्राचंही पंचांग बघा

माझ्या भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. ती डोंबिवलीत वाढली, मे महिन्यात आणि गणपतीत तेवढी मालवणला येणारी. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "मावशी, आम्ही हनिमूनला सँटोरिनीला जायचं म्हणतोय. नाहीच जमलं तर तुझ्याकडे देवबागला येऊ." त्या 'नाहीच जमलं तर'चं मला वाईट वाटलं नाही. काळजी वाटली ती वेगळ्या गोष्टीची. दोन्ही जागा तिनं फोटोंवरून ठरवल्या होत्या, आणि फोटोवर महिना लिहिलेला नसतो.

आमच्या घराच्या एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र. आम्ही दोन खोल्यांत न्याहारी-निवास चालवतो. दिवाळीपासून नव्या जोडप्यांचे फोन सुरू होतात, आणि त्या फोनांवर जे चुकीचं समजून घेतलेलं ऐकू येतं, त्यातलं बरंचसं भाचीच्या बोलण्यातही होतं. तिला जे सांगितलं, तेच इथं लिहिते.

पहिला गैरसमज असा की बेट म्हणजे बारमाही सुट्टी. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. म्हणजे बहुतेकांचा मधुचंद्र नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी या काळात येतो. नेमक्या याच महिन्यांत भूमध्य समुद्रातल्या बेटांवर थंडी आणि पाऊस असतो. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, आपल्या अगदी उलट. सँटोरिनीला जानेवारीत दिवसाचं तापमान साधारण १४ अंश, समुद्राचं पाणी १६ च्या आसपास. वारा सुटला की बेटांमधल्या बोटी रद्द होतात. लहान ग्रीक बेटांवरची कितीतरी हॉटेलं आणि खाणावळी ऑक्टोबर संपताना कुलूप लावतात, ती एप्रिलच्या सुमारास उघडतात. भाचीच्या एका मैत्रिणीनं जानेवारीतलं स्वस्त पॅकेज घेतलं होतं. ज्या पांढऱ्या गच्चीचा फोटो बघून तिनं पैसे भरले, ती गच्ची रंगकामासाठी बंद होती. विकणाऱ्यानं हंगामाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

डिसेंबरात तिकडे जाऊच नये, असंही नाही. माल्टा, सिसिली, क्रीट ही मोठी बेटं बारा महिने नांदती असतात. सिसिलीत तेव्हा संत्र्यांचा हंगाम असतो आणि एटनाच्या माथ्यावर बर्फ. जुनी गावं, चर्चं, बाजार, खाणं यासाठी जायचं असेल तर स्वेटर घालून खुशाल जावं. समुद्रात डुंबायचं असेल तर मात्र मे-जून किंवा सप्टेंबर.

त्याच डिसेंबरात मालवणात दिवसा तिशीच्या आसपास, रात्री विशीच्या आसपास तापमान असतं, आणि पाणी उबदार. पावसाळ्यातला गढूळपणा बसलेला असतो, दर्या निवलेला असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम सुरू झालं तो दिवस २५ नोव्हेंबर १६६४, तोही मार्गशीर्षातलाच. कुरटे बेटावरचा तो किल्ला १६६७ पर्यंत उभा राहिला. दर्या कधी मोकळा होतो हे इथल्या माणसांना तेव्हाही ठाऊक होतं.

दुसरी समजूत पाण्याच्या रंगाबद्दलची, आणि मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं आहे. "तुमचा समुद्र तिकडच्यासारखा निळाशार का नाही? घाण आहे का?" हा प्रश्न मी दरवर्षी ऐकते. भूमध्य समुद्र, विशेषतः त्याचा पूर्व भाग, इतका निळा दिसतो कारण त्याच्या पाण्यात अन्न फार कमी आहे. नत्र, स्फुरद यांसारखी पोषकद्रव्यं कमी, म्हणून सूक्ष्म वनस्पती कमी, म्हणून पाणी पारदर्शक. आपल्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यांच्या दिवसांत खोलातलं पोषक पाणी वर येतं, शिवाय सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या गाळ आणतात. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्या खायला तारली-बांगड्याचे थवे येतात, त्यांच्या मागे सुरमई येते. पाण्याची हिरवट झाक ही त्या साऱ्या खाद्याची खूण आहे. सकाळी तारकर्लीच्या पुळणीवर रापण ओढताना बघावी. दोन बाजूंनी दोरखंड धरून पंचवीस-तीस माणसं पाठीमागे रेलत जाळं किनाऱ्याला आणतात, आणि ओल्या वाळूवर चांदी सांडावी तशी मासळी पडते. पाणी नुसतं निळंशार असतं तर हे दृश्य दिसलं नसतं.

तरीही स्वच्छ पाणी बघायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये वारा वाढतो, लाटा वाळू ढवळतात. पाण्याखालच्या ज्या निळ्या चित्रफिती जाहिरातींत फिरतात, त्यातल्या सगळ्या मालवणच्या नसतात. इथं प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत, पण अंदमानची अपेक्षा घेऊन पाण्यात उतरलात तर जे आहे तेही दिसायचं नाही.

आता भरती-ओहोटी. भूमध्य समुद्रात ती बहुतेक ठिकाणी वीतभर. त्यामुळे तिकडे पाण्याच्या काठाला टेबल-खुर्च्या मांडून बसता येतं. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरच्या वर चढतं-उतरतं. देवबागच्या संगमावर ज्याला सगळे 'त्सुनामी बेट' म्हणतात, तो नदीच्या मुखाशी साचलेला वाळूचा पट्टा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं गावात सांगतात. बेट म्हणून कायम उभं राहील असं ते काही नाही. भरतीला त्यावर पाणी येतं, आणि दर पावसाळ्यानंतर त्याचा आकार बदललेला असतो. दुपारी बाराला 'बेटावर जेवण' ठरवून आलेली जोडपी कमरेभर पाण्यात उभी राहून निराश होतात.

यावर किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. थोडा मागेपुढे फरक पडतो, पण दिवस आखायला तो पुरतो. मालवणचेच जयंतराव साळगांवकर यांनी १९७३ मध्ये सुरू केलेलं कालनिर्णय तुमच्या भिंतीवर असतंच. त्यात लग्नाचा मुहूर्त बघितलात, तसंच हेही बघा. वाळूचा पट्टा बघायचा तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, दुपार कलताना. पाण्याखाली उतरायचं तर अष्टमीच्या आसपास, कारण तेव्हा भांग असते, ओढ कमी आणि गाळ बसलेला. आमच्या शेजारचे होडीवाले आजोबा प्रत्येक फोनला एकच उत्तर देतात: "आधी पाणी बघा, मगे येळ ठरवा."

स्कूबाला पोहता यावंच लागतं, ही समजूत निम्म्या नवऱ्यामुलींना इथून परत पाठवते. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना जी पहिली डुबकी देतात, ती उथळ पाण्यात, प्रशिक्षकानं हाताला धरून. त्यासाठी पोहणं यायची गरज नसते, तोंडानं श्वास घेण्याचा सराव आधी करून घेतात. अट आरोग्याची असते. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, गरोदरपण असेल तर उतरू नये. साधी सर्दी असली तरी कान दुखतो, कारण नाक चोंदलेलं असताना कानातला दाब सावरता येत नाही. दुसरी गोष्ट फार थोडे सांगतात. डुबकीनंतर लगेच विमानात बसायचं नाही. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एका डुबकीनंतर निदान १२ तास, अधिक डुबक्या झाल्या असतील तर १८ तास जाऊ द्यावेत. म्हणून स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका.

हे ठिकाण खेळाचं मैदान नाही, हेही सांगायला हवं. १९८७ मध्ये मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटरचा सागरी पट्टा अभयारण्य म्हणून जाहीर झाला. किल्ल्याभोवतीचा आणि पद्मगडाजवळचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, वाघाला आहे तेच. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा उचलणं हा गुन्हा आहे. माशांना बिस्किटं घालू नका. फोटो छान येतो, पण माशांची सवय बिघडते.

आणि लाइफ जॅकेट. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली, दोन जीव गेले. तो दिवस आमच्या गावातलं कोणी विसरलेलं नाही. बोटीवर किती माणसं बसवली आहेत ते मोजा. जास्त वाटली तर उतरा, पैसे गेले तरी. फोटोसाठी जॅकेट काढायला कोणी सांगितलं तर काढू नका.

"पावसात ये, गर्दी नसते," असा सल्ला भाचीला कुणीतरी दिला होता. गर्दी नसते हे खरं, पण २६ मे ते ३१ ऑगस्ट किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. यांत्रिक मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. पावसाळ्यात यायचं तर आंबोलीच्या धुक्यासाठी, भरल्या धामापूर तलावासाठी आणि कौलांवरचा पाऊस ऐकण्यासाठी. समुद्र तेव्हा लांबूनच बघायचा.

जेवणाबद्दल दोन शब्द. मालवणी म्हणजे जाळ तिखट, आणि शाकाहाऱ्यांची उपासमार, या दोन्ही समजुती शहरातल्या हॉटेलांनी पसरवल्या. घरच्या वाटपात ओलं खोबरं भरपूर असतं, ते तिखटाला आवरतं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ जिभेला झिणझिण्या आणतं, ती चव तिखटापेक्षा निराळी. शाकाहाऱ्यांना काळ्या वाटाण्याची आमटी, कुळथाची पिठी, घावणे, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, आणि फेब्रुवारी-मार्चात ओल्या काजूगरांची उसळ. फक्त आदल्या दिवशी सांगा. इथल्या घरगुती खाणावळींत सकाळी बाजारातून येईल तेवढंच शिजतं.

प्रवासाचंही एकदा नीट समजून घ्या. मालवणला रेल्वे स्टेशन नाही. कुडाळला उतरायचं, तिथून मालवण जवळपास ३० किलोमीटर. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, पण विमानसेवा सलग टिकलेली नाही, म्हणून तिच्यावर विसंबून लग्नानंतरचे दिवस आखू नका. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुटतात, तिथून रस्त्यानं साधारण दोन तास. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. नाताळच्या आठवड्यात ते पहिल्याच सकाळी संपतं.

कागदपत्रांवरून भाची सगळ्यात जास्त घाबरली होती. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव आल्याशिवाय बाहेर जाता येत नाही, असं तिला सासरच्या कुणी सांगितलं होतं. असा कोणताही कायदा नाही. नाव बदलायचं की नाही हे तिचं तिनं ठरवायचं. तिकीट, व्हिसा आणि पासपोर्ट या तिन्हींवर एकच नाव असलं म्हणजे झालं. उलट मधेच नाव बदललं तर आधी काढलेलं तिकीट अडतं. विवाह नोंदणीचा दाखला मात्र जवळ असावा. तो ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मिळतो, दोघांच्या व्हिसा अर्जांना त्याचा आधार होतो. ग्रीस, इटली, स्पेन, माल्टा यांना शेंगेन व्हिसा चालतो, सायप्रसचा वेगळा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क माणशी ९० युरो, आणि वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. ज्या देशात जास्त रात्री राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. इकडे मालवणात दोघांची आधार कार्डं पुरतात. सज्ञान जोडप्यानं लग्नाचा दाखला दाखवलाच पाहिजे, असा नियम हॉटेलांनाही लागू नाही.

हे सगळं ऐकून भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग फोनवरच कालनिर्णय उघडल्याचा कागदी आवाज आला. "मावशी, सत्यनारायणानंतर तीन दिवसांनी अष्टमी आहे." दोघं त्या दिवशी पाण्याखाली उतरणार, पुढचे दिवस भोगवे, निवती, पिंगुळीची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या बघणार. अमावास्येच्या दुपारी संगमावर होडी. ग्रीस पुढल्या सप्टेंबरात, आणि त्यासाठी तिनं पासपोर्ट आहे तसाच ठेवलाय. जावईबापू मासे खात नाहीत, तेव्हा काळे वाटाणे मी आदल्या रात्रीच भिजत घालणार आहे.